नुसतं डावीकडेच तर वळायचंय!

"यात बघण्यासारखं काय आहे रे? नुसतं डावीकडेच तर वळायचंय!"

मे महिन्यातला शेवटचा रविवार. सोमवारी मशीन डिझाइनचं सबमिशन, रात्रीचे साडेदहा, आणि आमच्या रूममध्ये एका लॅपटॉपभोवती सहा डोकी. पडद्यावर इंडियानापोलिस ५००. वरचं वाक्य पहिल्या पाच मिनिटांत तिघांनी उच्चारलं. चौथा फॉर्म्युला वनचा भक्त. त्याने तर तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलाची उपमा दिली आणि तो मॅगी करायला निघून गेला. बैल निदान तेल तरी काढतो, हे त्याचं जाता जाता शेवटचं वाक्य.

मी त्या रात्री गप्प बसलो. सबमिशनच्या आदल्या रात्री वाद घालणाऱ्याच्या शीट्स कोणी कॉपी करायला देत नाही, हा होस्टेलचा पहिला नियम. पण आता मॅगझिनच्या संपादकांनी "काहीतरी लिही" म्हणून गळ घातलीच आहे, तर जे तेव्हा गिळलं ते इथे ओकतो. माझं म्हणणं एवढंच की ओव्हलवरची रेस ही आपल्या ब्रँचच्या माणसाने बघावी अशी रेस आहे. ट्रॅक सोपा आहे, कबूल. पण ट्रॅक म्हणजे डांबर नव्हे. तिथला खरा ट्रॅक हवेचा असतो, तो बाकीच्या गाड्या बनवतात, आणि दर सेकंदाला बदलतात. दुसरं म्हणजे या विषयात एक धडा लपलेला आहे, जो आपल्या कॉलेजच्या फॉर्म्युला टीमने या वर्षी शिकला नाही तर पैसे पाण्यात जाणार आहेत. तुमचेसुद्धा. त्याकडे शेवटी येतो.

आधी मी ओव्हल कुठे शिकलो ते सांगतो. टीव्हीवर नाही. वरळीला.

मी बीडीडी चाळीतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट या ब्रिटिशांच्या खात्याने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळीत अशा १२१ इमारती. तळमजला अधिक तीन, एका चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फूट, मधून लांबलचक अंधारा पॅसेज. चाळीभोवती फेरी मारायची तर आकार साधारण पेपरक्लिपसारखा. दोन लांब बाजू, दोन आखूड. आमच्या लहानपणी या पेपरक्लिपवर भाड्याच्या सायकलींची रेस चालायची. लांब बाजूला कोणीही पुढे जायचा, रेस ठरायची कोपऱ्यावर. कोपऱ्याला अगदी चिकटून वळणारा पोरगा हमखास हरायचा, कारण त्याला ब्रेक मारावा लागायचा. जो आधी बाहेर जाऊन, मग कोपऱ्याला घासून, परत बाहेर फेकला जायचा, तो वेगात निघायचा. फक्त बाहेर फेकलं जाताना समोरून पाण्याची कळशी घेऊन येणारी कोणाची तरी आई नसावी, एवढीच अट.

आता हेच गणितात बघा. इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा, १९०९ चा. चार वळणं, प्रत्येक पाव मैलाचं, प्रत्येक ९० अंशांचं. म्हणजे वळणाची त्रिज्या सुमारे २५६ मीटर (पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, त्याला पाय बाय टूने भागा). वळणावर रुंदी ६० फूट. बाहेर-आत-बाहेर अशी लाइन धरली तर प्रत्यक्षात गाडी ३०० मीटरच्या आसपासच्या त्रिज्येवरून जाते. वेग त्रिज्येच्या वर्गमुळावर अवलंबून, म्हणजे तेवढ्याच ग्रिपमध्ये आठ टक्के वेग फुकट. हे आमच्या चाळीतल्या सातवीच्या पोराला कळत होतं, फक्त त्याला वर्गमूळ लागत नव्हतं.

पण थांबा. लाइनचं हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं मला आजोबांनी शिकवलं, आणि ते गाड्यांचं नव्हतं.

वरळी नाक्यावरून डॉ. ई. मोझेस रोडने चालत निघालं की महालक्ष्मीचा रेसकोर्स येतो. १८८३ चा. सुमारे २४०० मीटरचा ओव्हल! मुंबईत एवढा मोठा ओव्हल आहे आणि आपण अमेरिकेच्या नावाने गळे काढतो. आमच्या घरात मात्र 'रेस' हा शब्द चांगला नव्हता. आजोबा गिरणीत होते, आणि १९८२ च्या संपाच्या आधीची कितीतरी वर्षं पक्के पंटर होते. आजीच्या पाटल्या त्यांनी कुंपणापलीकडे घालवल्या. दोष कोणाचा नाही, त्यांचाच. ते स्वतःच म्हणायचे. संपानंतर हातात पगारच राहिला नाही तेव्हा नाद आपोआप सुटला, पण घोडे बघायची सवय राहिली. मी आठ-नऊ वर्षांचा असताना ते मला संध्याकाळी फिरायला म्हणून तिकडे न्यायचे, आणि आईला सांगायचे की जांबोरी मैदानात गेलो होतो.

त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली : रेलिंग सोडून एक हातही बाहेर पळणारा घोडा उधारी करत असतो, ती शेवटी फेडावी लागते. मोठेपणी मी हे तपासलं. पूर्ण फेरीत तुम्ही एक मीटर बाहेरून गेलात तर जास्तीचं अंतर दोन पाय मीटर, म्हणजे ६.२८ मीटर. ट्रॅक केवढाही असो, महालक्ष्मीचा असो की चाळीचा, त्रिज्या गणितातून उडूनच जाते. (व्हायव्हाला विचारण्यासारखा प्रश्न आहे. सरांनी नोंद घ्यावी, पण कृपया मला विचारू नये.) ६.२८ मीटर म्हणजे घोड्याच्या अडीच लांब्या. रेस नाकाच्या टोकाने जिंकली जाते तिथे अडीच लांब्या म्हणजे पाटल्या गेल्याच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. "पुढच्या घोड्याकडे बघू नको. त्याच्या शेपटीमागे जो दडलाय त्याच्याकडे बघ." मला वाटायचं दडलेला म्हणजे दमलेला. तर नाही. पुढचा वारा फोडतो, मागचा त्याच्या आडोशाला श्वास राखून ठेवतो. जॉकी लोक याला कव्हर म्हणतात. २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी हजारो रेसमधल्या घोड्यांच्या जागांची नोंद तपासून हेच दाखवलं की आडोशाने पळणाऱ्याला शेवटी खरोखर फायदा होतो. आजोबांकडे डेटा नव्हता. त्यांच्याकडे फक्त नुकसानीचा अनुभव होता, तो पुरला.

घोडा ताशी साठेक किलोमीटरने पळतो. तिथेही वाऱ्याचा एवढा हिशोब. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पाठ केलंय. साठचे तीनशे साठ करा. सहापट वेग, छत्तीसपट दाब. आता डोळ्यांसमोर आणा ३३ गाड्या, एकीमागे एक. प्रत्येक गाडी हवेत खड्डा पाडत चाललीय, आणि मागचीला त्या खड्ड्यातून जायचंय.

सरळ पट्ट्यावर हा खड्डा मित्र असतो. समोरचा वारा कमी, म्हणून मागची गाडी ओढल्यासारखी पुढे येते. १९६० च्या डेटोना ५०० मध्ये ज्युनिअर जॉन्सन नावाच्या ड्रायव्हरला सरावात कळलं की आपली शेव्हरोले हळू आहे, पण वेगवान गाडीच्या बंपरला चिकटून राहिलं की तिच्याच वेगाने जाते. तो रेस जिंकला. पुढे हेही कळलं की चिकटलेल्या दोन गाड्या एकट्या गाडीपेक्षा वेगाने जातात, म्हणजे पुढच्यालाही फायदा होतो. कारण पुढच्या गाडीच्या मागे जो कमी दाबाचा भोवरा तिला मागे खेचत असतो, तो मागची गाडी बुजवून टाकते. म्हणजे शत्रूच तुम्हाला ढकलतोय! सबमिशनच्या रात्री एकमेकांच्या शीट्सवर जगणारे आपण, आपल्याला हे समजायला जड जाऊ नये.

वळण आलं की हाच मित्र गळा धरतो. इंडियानापोलिसच्या गाडीला वळणावर दाबून धरते ती हवा. खड्ड्यात हवाच पातळ आणि घुसळलेली, मग गाडीचं पुढचं टोक हलकं होतं. स्टिअरिंग डावीकडे, गाडी मात्र सरळ, थेट उजवीकडच्या भिंतीकडे. ड्रायव्हरला तेव्हा कळतं की आदर्श लाइन वगैरे सगळं रिकाम्या ट्रॅकवरचं. समोर गाडी असली की चांगली लाइन म्हणजे जिथे चांगली हवा आहे ती. मग तो अर्धी गाडी उजवीकडे काढतो, एक चाक तरी मोकळ्या वाऱ्यात यावं म्हणून. पण बाहेर टायरमधून सुटलेले रबराचे गोळे साचलेले असतात. चिखलात पाऊल पडल्यासारखं. म्हणजे आत गेलं तर हवा नाही, बाहेर गेलं तर रस्ता नाही. हा निर्णय ३५० च्या वेगात, दर वळणाला, ५०० मैलांत आठशे वेळा. आणि आमचा मॅगीवाला म्हणतो, घाण्याचा बैल!

बरं, मग काही ड्रायव्हर मुद्दाम भिंतीला घासून का पळतात? आजोबांचा नियम तर सांगतो की बाहेर गेलात की उधारी. डेटोनाला एक लेन म्हणजे समजा साडेचार मीटर वर गेलात तर फेरीला अठ्ठावीस मीटर जादा, जवळजवळ एक तृतीयांश सेकंद. उत्तर असं की त्रिज्या मोठी, काही ट्रॅकवर वरच्या बाजूला उतारही जास्त, त्यामुळे वेग उतरत नाही. घोड्याचा वेग वळणावर पायांनी ठरतो, गाडीचा ग्रिपने. काइल लार्सनला होमस्टेडच्या ट्रॅकवर भिंतीपासून काही इंचांवर पळताना बघा. उधारी करतो, पण व्याजासकट वसूल करतो. कधी कधी भिंतच वसुलीला येते, तो भाग वेगळा.

आता उताराचं, म्हणजे बँकिंगचं. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सला पहिला बांधीव उताराचा ट्रॅक झाला. तिथपासून लोकांची समजूत अशी की उतार आहे म्हणजे गाडी आपोआप वळते. आपल्या सर्व्हेइंगच्या पुस्तकातही सुपरएलिव्हेशनचं सूत्र आहे, घाला आकडे. इंडियानापोलिसचा उतार ९ अंश १२ मिनिटं. नुसत्या उताराच्या जिवावर, घर्षणाशिवाय, तिथे गाडी किती वेगाने वळेल? ताशी ७३ किलोमीटर फक्त! वरचे पावणेतीनशे टायर आणि हवा मिळून देतात. डेटोनाला ३१ अंश, तिथे दीडशेच्या आसपास. इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा टेस्ट ट्रॅक आहे. तो रेससाठी नाही, गाड्या तपासायला आहे, पण ओव्हलच. त्याचं वळण इतकं मोठं आणि वर वर इतकं चढत जाणारं की हाच बिनघर्षणाचा वेग तिथे अडीचशे आहे. म्हणजे स्टिअरिंग सोडलं तरी चालेल. तिथे इंडस्ट्रियल व्हिजिट नेली तर आम्ही अटेंडन्स शंभर टक्के देऊ, असं या निमित्ताने एचओडी सरांना कळवतो.

गाडी बनवण्यातली गंमत सांगायची राहिली. ओव्हलच्या गाडीचं उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा किंचित मोठं असतं. कटिंग चहाचा ग्लास टेबलावर आडवा ठेवून ढकला, तो गोल फिरतो. तसंच. सगळी गाडीच डावीकडे वळण्यासाठी वाकडी बनवलेली, म्हणून सरळ पट्ट्यावर ड्रायव्हरला स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवावं लागतं. म्हणजे 'नुसतं डावीकडेच वळायचंय' म्हणणाऱ्यांनो, तो बिचारा बराच वेळ उजवीकडे वळवत असतो!

आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला तेव्हा पहिली रेस त्याच्या वाट्याला आली मार्टिन्सव्हिलला. हा ट्रॅक अर्ध्या मैलाहून किंचित मोठा, आकार थेट पेपरक्लिप, म्हणजे आमच्या चाळीची फेरीच. तिथे हवा कमी आणि ब्रेक जास्त. फॉर्म्युला वनमधून आलेला हा माणूस तेरावा आला. पेपरात कोपऱ्यात चार ओळी छापून आल्या असतील. मला विचाराल तर ती चौकट पहिल्या पानावर हवी होती.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिकडे येतो. हा भाग हसण्याचा नाही.

आपल्या मनात एक समीकरण पक्कं बसलेलं असतं : जास्त ग्रिप म्हणजे जास्त सुरक्षित. ओव्हलने हे समीकरण पुन्हा पुन्हा खोटं ठरवलंय. एप्रिल २००१ मध्ये टेक्सासला कार्ट मालिकेची रेस होती. ट्रॅक दीड मैलाचा, उतार २४ अंश, गाड्यांना दाब भरपूर. सरावात ड्रायव्हरांच्या अंगावर पाच जीपेक्षा जास्त बल येऊ लागलं, तेही फेरीतला बराचसा वेळ. गाडीतून उतरल्यावर बहुतेकांना चक्कर, भोवळ, तोल जाणं. गाड्या उत्तम चालत होत्या, माणसं चालत नव्हती. प्रेक्षक गेटवर आलेले असताना रेस रद्द करावी लागली. ट्रॅक आणि गाडी यांचं कॅलक्युलेशन बरोबर होतं, आत बसणाऱ्याचं कोणी केलंच नव्हतं.

१६ ऑक्टोबर २०११, लास व्हेगास. पुन्हा दीड मैल, तीव्र उतार, ३४ गाड्या. इतकी ग्रिप की पूर्ण फेरीत कोणालाच ॲक्सिलरेटर सोडावा लागत नव्हता. ऐकायला छान वाटतं ना? परिणाम बघा. कोणीच पाय उचलत नाही म्हणजे ड्रायव्हरच्या कौशल्याने फरक पडणं बंद. इंजिनं जवळपास सारखी. कोणी थोडा पुढे गेला की मागच्यांना त्याचाच आडोसा मिळतो आणि ते परत येऊन चिकटतात. म्हणजे ३४ गाड्यांचा एक गठ्ठा, शेजारी शेजारी, हातभर अंतरावर, साडेतीनशेच्या वेगात. अकराव्या फेरीत एकाला धक्का लागला आणि पंधरा गाड्या एकमेकांत घुसल्या. डॅन व्हेल्डन गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने इंडियानापोलिस ५०० जिंकली होती, दुसऱ्यांदा. पुढच्या वर्षीच्या नव्या, जास्त सुरक्षित गाडीचं टेस्टिंगही तोच करत होता. त्या गाडीला त्याच्या नावाची अक्षरं दिली, डीडब्ल्यू १२.

मग पुढच्या वर्षी टेक्सासला काय केलं माहितीये? दाब कमी केला. हो, ग्रिप काढून घेतली! ड्रायव्हरांना वळणावर पाय उचलणं भाग पडलं. टायर झिजायला लागले, ज्याला जपता आले तो पुढे, ज्याला नाही तो मागे. गठ्ठा फुटला, गाड्या विखुरल्या. गाडी हाताळणं कठीण झालं आणि त्यामुळेच रेस कमी भयानक झाली. जस्टिन विल्सन जिंकला. पूर्ण न्याय झाला असं मात्र समजू नका. तोच विल्सन २०१५ मध्ये पोकोनोच्या ओव्हलवर दुसऱ्या गाडीचा उडालेला तुकडा डोक्याला लागून गेला. त्यानंतर २०२० पासून या गाड्यांना ड्रायव्हरसमोर पारदर्शक ढाल आली.

दरवेळी असंच. आधी माणूस जातो किंवा जाता जाता वाचतो, मग ड्रॉइंग बदलतं. १९८७ ला टॅलाडेगात बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांच्या जाळीला धडकली, तेव्हा १९८८ पासून अशा मोठ्या ट्रॅकवर इंजिनाचा श्वास कोंडणाऱ्या प्लेट्स सक्तीच्या झाल्या. गाडी गिरकी खाऊन उलटी झाली की छप्पर विमानाच्या पंखासारखं काम करतं आणि गाडी उचलते. त्यावर १९९४ पासून छपरावर झडपा आल्या. एरवी मिटलेल्या, हवा मागून आली की आपोआप उघडतात आणि उचल मोडतात. चार बिजागऱ्या आणि पत्रा, पण किती जीव वाचले असतील! आणि २००२ मध्ये इंडियानापोलिसच्या भिंतीवर स्टीलच्या चौकोनी नळ्या आणि मागे फोमचे ठोकळे आले. ती भिंत कोणी बनवली? नेब्रास्का विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या लोकांनी. आपल्यासारख्याच एका कॉलेजच्या लॅबमध्ये. हे वाचून आपल्या अप्लाइड मेकॅनिक्सच्या लॅबकडे एकदा बघा. असो.

तर आता आपली टीम. मी तिचा सभासद आहे, त्यामुळे घरचं भांडण अंगणात आणतोय, याबद्दल कॅप्टनसाहेबांची आगाऊ माफी. या वर्षीच्या गाडीला मागे भलीमोठी विंग लावायची असं मीटिंगमध्ये ठरलं. मतदान झालं. विरोधात दोन मतं : एक माझं, दुसरं ज्याला फायबरचं काम करावं लागणार आहे त्याचं. विंगसाठी होस्टेलमधून वर्गणी काढायचंही ठरलंय. गणपतीची पावती फाडतात तसे हे लोक तुमच्या दारात येतील, तेव्हा पुढचं गणित त्यांना विचारा.

आपल्या स्पर्धेत स्किडपॅड नावाची चाचणी असते. साधारण नऊ मीटर त्रिज्येचं वर्तुळ. चांगली गाडी तिथे ताशी चाळीसने फिरते. समजा आपल्या विंगचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर आणि लिफ्ट कोएफिशंट दोन (हाही फार उदार मनाने धरलाय). त्या वेगाला दाब मिळतो पंधरा किलोचा. विंगचं स्वतःचं वजन, ब्रॅकेटसकट, आठ-दहा किलो, तेही वर आणि मागे. तीच विंग इंडियानापोलिसच्या वेगाला न्या, बाराशे किलो! म्हणून तिथे विंग शोभते. आणि गंमत म्हणजे तिथले इंजिनिअर क्वालिफाइंगच्या दिवशी विंगचा कोन जवळजवळ आडवा करत आणतात, कधी तर उलटा. दर अर्ध्या अंशाला ड्रायव्हरला विचारतात, अजून सहन होतंय का? विंग लावणं सोपं आहे, कमी करत जाण्यासाठी मोजमाप लागतं.

विंगवाले म्हणतील, परदेशातल्या सगळ्या चांगल्या टीम विंग लावतात. खरंय. त्यांना पंधरा किलोसुद्धा महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांनी आधी टायर, वजन, सस्पेन्शन यांतलं शेवटचं टिपूस पिळून काढलेलं असतं. आपण अजून गाडीच्या चार चाकांवर किती किती वजन पडतं ते मोजलेलं नाही. गेल्या वर्षी आपली गाडी स्किडपॅडला उजव्या वर्तुळात डाव्यापेक्षा हळू होती, का ते आजपर्यंत कोणाला सांगता आलेलं नाही. (नकळत ओव्हलची गाडी बनवली होती आपण!) असं असताना विंग लावणं म्हणजे आमच्या चाळीत छत गळत असताना दारावर तोरण बांधणं.

चाळीचं निघालं म्हणून सांगतो, ती आता जाते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, १६० फुटांचे ५०० फूट झाले. आमचा नंबर अजून यायचाय. चाळीस मजल्यांच्या टॉवरभोवती फेरी मारायला जागा असेल की पार्किंग, माहीत नाही. आजोबा नव्या घराची वाट बघता बघता गेले. जायच्या आधी मी त्यांना एकदा मोबाइलवर इंडियानापोलिसची शेवटची दहा मिनिटं दाखवली होती. आवाज बंद ठेवून, आई स्वयंपाकघराच्या बाजूला होती म्हणून. १६० फुटांत स्वयंपाकघराची बाजू म्हणजे तीन हातांवर. ते बराच वेळ बघत राहिले. मग दुसऱ्या गाडीवर बोट ठेवून हळूच म्हणाले, "ह्याच्यावर लाव." दोन फेऱ्या राहिलेल्या असताना तो आडोशातून निघाला आणि जिंकला. आईने मागून विचारलं, "कशावर लावायचं?" आम्ही दोघंही म्हणालो, "अलार्म."

तर वर्गणी मागायला आले की नाही म्हणू नका. द्या, पण सांगा की आधी वजनकाटे, मग टायर, मग उरले तर विंग. आणि येत्या शनिवारी सकाळी सहा वाजता वर्कशॉपमागच्या रस्त्यावर आम्ही गेल्या वर्षीची गाडी न्यूट्रलमध्ये सोडून ती थांबायला किती वेळ घेते ते मोजणार आहोत, म्हणजे तिला हवा किती अडवते ते कळेल. बॉडीवर लोकरीचे धागे चिकटवून हवा कुठून कशी जाते तेही बघायचंय. रेक्टर सरांची परवानगी घेतली आहे. ज्यांच्याकडे स्टॉपवॉच आहे त्यांनी यावं. लोकर आणि सेलोटेप लागेल. मॅगीवाल्यानेही यावं, तिथे गाडी सरळच जाणार आहे.